हिरामण नाखव्याची सही

सहीच्या बाबतीत मी खडूस माणूस आहे, हे आमच्या कचेरीत शिपायापासून मालकापर्यंत कुणीही सांगेल. फोर्टातल्या एका हिशेबतपासनिसांच्या पेढीत मी कारकून आहे आणि लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं तयार करणं हे माझं काम. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. सही चुकली तर ते रिटर्न रद्दीत घालायचं. ज्याची मिळकत त्याची सही. भावाची चालत नाही, मुनिमाची चालत नाही, बायकोची तर नाहीच नाही. मोठमोठ्या शेठ लोकांना मी तोंडावर सांगितलंय, की शेठ, चिरंजिवांना कशाला पाठवलंत, उद्या स्वतः या. आणि असा हा मी, आमच्या शेजारच्याच गावातल्या एका माणसाची खोटी सही नऊ वर्षं डोळे उघडे ठेवून चालवत होतो. तेव्हा त्यात मला गंमत वाटली होती. आज आठवलं की माझा मलाच राग येतो.

मी उरणचा. कामाला रोज मोऱ्याहून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं, संध्याकाळी तसंच परत. त्यामुळे मोऱ्याच्या कोळीवाड्यात मला सगळे ओळखत. तिथल्या हिरामण नाखव्यानं इंजिनाचा मचवा घेतला होता. स्वतः जाळी टाकायचाच, शिवाय शिडाच्या होड्यांची मासळी भर दर्यात उचलून बर्फात घालायचा आणि सगळ्यांच्या आधी मुंबईच्या बाजारात पोचवायचा. धंदा बरा चालला. बाजारातल्या कुणा व्यापाऱ्याच्या वह्यांत त्याचं नाव निघालं आणि चोपन्न साली त्याच्या दारात इन्कमटॅक्सची नोटीस आली. सगळी आळी घाबरली. कुणीतरी म्हणालं, कमलाकरला बोलवा, तो असल्याच कागदांत मरतो.

जूनअखेरची मुदत होती. पावसाळ्यासाठी मचवे किनाऱ्यावर ओढलेले, पुरुष माणसं घरात. हिरामण ओटीवर जाळं सांधत बसला होता, पण माझ्यासमोर माहिती द्यायला बसली ती त्याची बायको सगुणा. बर्फ कितीचा, डिझेल कितीचं, खलाशांना काय दिलं, सगळं तिला तोंडपाठ. शेवटी मी सवयीनं विचारलं, मालकाचं पूर्ण नाव? आता ती नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? तिनं सासूकडे बघितलं. सासू येसूबाई कोपऱ्यात सुकट निवडत होती. तिनं मान वर न करता लेकाचं, कधीच वारलेल्या नवऱ्याचं आणि कुळाचं अशी तिन्ही नावं एका दमात सांगितली आणि मला वर सुनावलं, की एवढा शिकलास आणि एवढं कळत नाय.

फॉर्म भरला. सहीच्या जागी बोट ठेवून मी म्हटलं, नाखव्याची सही इथं. तर सगुणानं हात पदराला पुसले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जपून, लिहिलं: हिरामण गोटीराम कोळी. दुसरीपर्यंत शाळेत गेली होती ती. मी म्हटलं, वहिनी, सही त्यांची स्वतःची पाहिजे. यावर हिरामण माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळेना मी काय म्हणतोय.

"पान्यातला माजा, जमनीवरचा तिचा," तो म्हणाला. "जमनीवरच्या कागदाला मी आजवर कवा हात लावलाय?"

यात कसलीही लबाडी नव्हती. मोऱ्यात ती रीतच होती. पुरुष समुद्रावर, त्यामुळे बाजार, बँक, ग्रामपंचायत, बर्फवाला सगळं बाईच्या हातात, आणि तिनं लिहिलेलं नवऱ्याचं नाव म्हणजे नवऱ्यानंच लिहिलेलं. ते दोघंही एका सहीचे दोन धनी होते आणि त्यात चूक काय ते त्यांना शंभर वर्षांत उमगलं नसतं. मला मात्र उमगत होतं. पिशवीत दुसरा कोरा फॉर्म होता. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा कायद्याला चालतो, शेजारी साक्षीदार असला की झालं. दहा मिनिटांचं काम होतं. पण तेवढ्यात हिरामण हसायला लागला. म्हणाला, "बघ कमलाकर. तोंडानं कवा नाव घेतला नाय आन सरकारला लिवून दिला." येसूबाईसुद्धा हसली. सगुणा लाजून आत गेली. मला ते सगळं इतकं गोड वाटलं की मी फॉर्मची घडी करून पिशवीत टाकली.

पुढे दर जूनला हेच. मी जायचो, चहा व्हायचा, सगुणा लिहायची. हिरामण मुद्दाम उठून बघायला यायचा. यातलं हि कुठलं, म कुठलं, असं विचारायचा आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरायचा. नाव लिहून झालं की कागद हातात धरून जरा वेळ बघत बसायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांचा एकमेकांवर किती जीव होता ते मला त्या कागदावरून कळायचं, आणि मी दर वर्षी ठरवायचो की पुढल्या खेपेला अंगठा घेऊ.

बासष्ट साली नवरात्र संपल्यावर हिरामण दोन खलाशी घेऊन गेला तो आला नाही. त्या रात्री वारं उलटं फिरलं होतं. चौथ्या दिवशी एका खलाशाचं प्रेत करंज्याच्या बाजूला लागलं, आठव्या दिवशी मचव्याच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, फळी मिळाली. हिरामण मिळाला नाही आणि दुसरा खलाशीही नाही.

महिन्याभरानं जमातीतली चार माणसं घरी आली. प्रेत नसलं तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, तेवढी उरकून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. येसूबाईनं त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. माझा लेक परमुलखाला लागला असेल, येईल, तुमच्या बापाचं काय जातं, अशा शिव्या दिल्या की त्या चौघांनी पुन्हा विषय काढला नाही. सगुणाचं कुंकू तसंच होतं, हातात चुडा तसाच होता. ती दुसऱ्यांची मासळी घेऊन बाजारात बसू लागली. मला वाटायचं, सासू एवढी ठाम आहे म्हणून सून उभी आहे.

मी मात्र त्यांच्या नकळत एक काम केलं होतं. आगाऊ कराची मागणी आली होती, ती त्या घरावर कशाला पडू द्यायची म्हणून मी इन्कमटॅक्सच्या साहेबांना अर्ज लिहिला: मचवा मालकासह बुडाला, सबब मागणी रद्द व्हावी. मागणी रद्द झाली. मी कुणाला काही बोललो नाही.

मग त्रेसष्टचा जून आला. बुडायच्या आधी सहा महिने हिरामणनं धंदा केला होता, त्या वर्षाचं रिटर्न भरायला हवं होतं. आता सही कुणाची? कायदा सरळ होता. माणूस गेला असेल तर वारसानं आपल्या नावानं सही करायची, आणि वर लिहायचं की तो मयत आहे आणि मी त्याचा वारस. मी कचेरीत तसा फॉर्म टाइप करून घेतला. इंग्रजीत होता. मी मनाशी ठरवलं होतं की सगुणाला यातलं काही सांगायचं नाही. नुसतं बोट ठेवायचं आणि म्हणायचं, या वेळी इथं तुझं नाव लिही. भित्रा माणूस असाच विचार करतो.

ती चहा ठेवून समोर बसली. मी बोट ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे म्हटलं. तिनं पेन उचललं आणि थांबली.

"माजा नाव कां? दर वर्सी त्यांचा लिवते."

मी म्हणालो, नियम बदललाय. ती म्हणाली, "या वर काय लिवलंय?" मी म्हणालो, काही नाही, नेहमीचंच. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलता येईना. मग मी सांगितलं, पहिला शब्द मयत असा आहे. आतल्या खोलीत येसूबाईच्या सुपाचा आवाज चालू होता तो बंद झाला.

सगुणानं तो फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. रडली नाही, रागावली नाही. माझी पिशवी ओढली, आतला कोरा फॉर्म शोधून काढला, खालची जागा तिला नऊ वर्षांत पाठ झाली होती, तिथं झरझर लिहिलं: हिरामण गोटीराम कोळी. आणि म्हणाली, आता वरचं तू भर.

तो कागद मी तिथंच फाडायला हवा होता. मी तो नेला, भरला आणि दाखल केला. मला वाटलं, नऊ वर्षं कुणी बघितलं नाही, आताही कोण बघतंय? एरवी लोकांवर डाफरणारा मी, पण त्या बाईपुढे माझं काही चाललं नाही हेच खरं.

भाद्रपदात मला बोलावणं आलं. साहेब नवे होते, वऱ्हाडाकडचे, चाळिशीचे. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा अर्ज, मालक ऑक्टोबरात बुडाल्याचा. दुसरं जूनमधलं रिटर्न, त्याच मालकाच्या सहीचं. बुडालेला माणूस जूनमध्ये सही कशी करतो, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्याच्या बायकोनं केली. ते म्हणाले, हे रिटर्न तर गेलंच, पण खोट्या सहीबद्दल फौजदारी होऊ शकते, आणि ती माझ्यावर नाही, सही करणारावर. पुढच्या सोमवारी त्या बाईंना घेऊन या.

सगुणा आली, बरोबर येसूबाई आली. आतल्या खोलीत एका वेळी दोनच माणसं, म्हणून म्हातारीला बाहेरच्या बाकावर बसवली. अर्ध्या दरवाजाची झडप होती, आतलं सगळं बाहेर ऐकू जायचं. मला म्हातारीचीच जास्त भीती होती. मयत हा शब्द साहेबांनी मोठ्यानं उच्चारला तर ती काय करील याचा नेम नव्हता.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी सगुणाला बसायला सांगितलं. नऊ वर्षांची फाईल काढून ठेवली होती. दहाच्या दहा सह्या एकाच हाताच्या आहेत हे त्यांना दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी ते म्हणाले, आधीच्या सह्या तुमच्या यजमानांच्या आहेत असं मी धरून चालतो. ही शेवटची दुःखाच्या भरात तुमच्याकडून झाली. ती मी बाजूला ठेवतो. तुम्ही फक्त नव्या फॉर्मवर त्यांची वारस म्हणून सही करा, मी प्रकरण बंद करतो. याहून जास्त कुठला अधिकारी काय देणार? मी सगुणाला हळूच म्हटलं, कर वहिनी, करून टाक.

तिनं पेनाला हात लावला नाही.

"ते नऊ पन माजेच हाईत," ती म्हणाली. "नऊ वर्सं मी लिवला आन तुमी त्यांना जिते मानले. त्यांना बघाय कोन आलता? माज्या हातावर इश्वास ठेवलात. आता त्याच हातानं मेले लिव, असं बोलता. मना नाय जमनार साहेब. मना धरून नेलात तरी नाय जमनार."

साहेबांचं लिहिणं थांबलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, हे मी ऐकलेलं नाही. सगुणा उठली, नमस्कार केला आणि बाहेर पाणी प्यायला गेली. मी तिथंच उभा राहिलो. नऊ वर्षांपूर्वी एक अंगठा घेतला असता तर या बाईवर ही वेळ आली नसती. सही चालते असं तिला मीच शिकवलं होतं, आणि आता तिला तुरुंग दाखवायलाही मीच घेऊन आलो होतो.

साहेबांनी विचारलं, दुसरं कुणी वारस? मूल? मी म्हटलं, मूल नाही, आई आहे. ते म्हणाले, मग आई चालेल, आईसुद्धा वारसच. मी म्हटलं, साहेब, त्या बाईला हे विचारूच नका, तिनं जमातीची माणसं दारातून हाकललीत. तेवढ्यात झडप उघडली आणि येसूबाई आत आली. सगुणा व्हरांड्याच्या टोकाला नळाशी होती. म्हातारीनं एकदा तिकडे बघून घेतलं आणि झडप मागे लोटली.

"अंगठा चालतो काय?" तिनं विचारलं.

साहेब उठून उभे राहिले. चालतो, म्हणाले.

मी म्हटलं, आये, त्यात काय लिहिलंय ते तुला ठाऊक आहे का? ती मला म्हणाली, "मना कवापासून ठाव हाय. ती फली बघितली तवाच मना कलला. ती जगावी म्हनून मी बोंबलत व्हते. तिचा कुकू तिच्या हातानं पुसाय लावू नका. जल्माला मी घातला, मेला पन मीच सांगन. वाच काय ता."

मी वाचलं. इंग्रजी तोंडातून निघेना, म्हणून मराठीत करून सांगितलं. मी येसूबाई गोटीराम कोळी, मयत हिरामण गोटीराम कोळी याची आई व वारस, खाली सही करणार. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. तिनं मान हलवली.

साहेबांनी स्वतः शाईची गादी पुढे केली. तिनं अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा ठिपका उमटला, एकही रेघ नाही. साठ वर्षं बारीक कोलीम मासळी आणि सुकट चोळून तिच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. साहेबांना ते चालणार नव्हतं, अंगठा ओळखू यायला हवा. दुसरा फॉर्म घेतला. तोही तसाच. तिसऱ्या वेळी साहेबांनी तिचा अंगठा आपल्या रुमालानं पुसला, शाई बेतानं लावली, आणि तिचा हात आपल्या हातात धरून कागदावर हळूहळू टेकवला. चार रेघा आल्या. लेक मेला हे त्या बाईला तीनदा लिहून द्यावं लागलं, आणि तिन्ही वेळा तिनं हूं की चूं केलं नाही. शेजारी साक्षीदार म्हणून मी सही केली. मी रडत होतो, त्यामुळे माझीच सही वाकडी आली.

बाहेर आल्यावर सगुणानं विचारलं, झालं? म्हातारीनं हात पदराखाली घेतले. म्हणाली, "झाला. आईचा चालतो बोलले." सगुणानं पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, तिला समजलेलं नाही.

भाऊच्या धक्क्यावरून दुपारची लाँच मिळाली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मचवे पुन्हा बाहेर पडायला लागले होते. घारापुरी मागे पडल्यावर येसूबाईनं तोंडावर पदर ओढला आणि ती पुढे वाकली. तिची पाठ हलत होती. सगुणानं विचारलं, आये, काय होतंय? पदरातून म्हातारी म्हणाली, काय नाय, लाँच लागली मना.

जन्मभर बाजाराला लाँचनं ये-जा केलेली बाई ती, तिला लाँच लागते होय. सगुणानं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. तिनं सासूचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराखालचा तिचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा काळा होता. सगुणा त्या अंगठ्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि ती शाई पुसायला लागली. ती शाई लवकर निघत नाही. मोरा येईपर्यंत ती पुसत होती.